दिवाळीतले चारपायी पाहुणे

दिवाळीची सुट्टी लागली, की पुण्याच्या प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून सामानाने भरलेल्या रिक्षा स्टेशनकडे धावू लागतात. मागे उरतो घरचा कुत्रा. रेल्वेने त्याला नेता येते, पण पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे राखून, नाहीतर गार्डच्या डब्यातील पेटीत. एक परवडत नाही, दुसरे मनाला पटत नाही. मग त्याची रवानगी होते दिवसाचे पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या एखाद्या कुटुंबात.

इथले बहुतेक बंगले जाऊन सदनिका आल्या. अंगण राखलेल्या थोड्या घरांपैकी असे एखादे घर फाटकावरूनच ओळखू येते. दोन कड्या, खाली जाळी. आधी रेबीजच्या लशीचे कार्ड पाहतात, मग कानांत गोचिडे. घरातील बाई मालकाचा न धुतलेला सदरा मागतात, तेव्हा नवख्याला हसू येते. पण रात्री कुत्रा झोपतो त्याच सदऱ्यावर.

पहिल्या दिवशी घरून आणलेल्या अन्नालाही तो तोंड लावत नाही. स्कूटर थांबली, की कान टवकारतो. पहाटे लॉ कॉलेजच्या टेकडीवर नेताना साखळी मुळीच सोडायची नाही; मोरामागे धावलेल्या परक्या कुत्र्याला हे घर पुन्हा सापडेलच असे नाही.

खरी परीक्षा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. फटाके सुरू होताच सारे पाहुणे आतल्या खोलीत. खिडक्या बंद, रेडिओ मोठ्याने. घरची पूजा घाईत उरकते आणि कोणी ना कोणी मध्यरात्रीपर्यंत त्यांच्याजवळ सतरंजीवर बसून राहते.

भाऊबीजेनंतर मालक येतात. कुत्रा आधी रिक्षात चढतो, मागे वळूनही पाहत नाही. बाई सदऱ्याची घडी करून देतात आणि फाटकाच्या दोन्ही कड्या लावून घेतात.