बडा शिमल्याचा मणका

जबलपूरला पोस्टिंग म्हटलं की लोक भेडाघाट आणि धुवांधारचं विचारतात. मी मात्र गन कॅरेज फॅक्टरीच्या परिसरातली बडा शिमला टेकडी दाखवतो. नाव शिमला, पण मे महिन्यात नुसती भट्टी.

1828 मध्ये इथे कॅप्टन स्लीमनला दगड झालेली हाडं सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारा तोच हा स्लीमन. हाडं कुठल्या प्राण्याची, हे त्याला सांगता येणं शक्यच नव्हतं. ‘डायनोसॉर’ या नावाचा जन्मच 1842 चा. हाडं कोलकात्याला गेली. 1877 मध्ये लिडेकरने शेपटीच्या मणक्यांवरून त्या प्राण्याला नाव दिलं, टायटॅनोसॉरस इंडिकस.

पुढे मात्र ते मूळ मणके कुठे आहेत, हेच कुणाला सांगता येईना. 2012 मध्ये नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा त्यातला एक मणका मिळाला. कुठे? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकाता मुख्यालयातच!

चार्ज देता-घेताना आपण हेच शिकतो ना? लेजरवर नोंद आहे म्हणजे वस्तू आहे, असं नाही. हातात घेऊन मोजावी लागते.

आमच्यातला एक तरुण जवान म्हणाला, “साहेब, काळ पुढे गेला की ज्ञान वाढणारच की.” मला ते पटत नाही. काळ मणक्यावर धूळ चढवतो, ती झटकायला माणूस लागतो. आणि वाढ म्हणजे दरवेळी भरच असते असंही नाही. 1877 मध्ये जे लक्षण या प्राण्याचं खास वाटलं, ते पुढे इतर अनेक प्रजातींत दिसलं. म्हणून 2003 मध्ये दोन अभ्यासकांनी हे नावच टिकत नाही, असं दाखवून दिलं. सव्वाशे वर्षांची नोंद खोडायची तयारी लागते, तीही प्रगतीच.

आमच्या ट्रेनिंगच्या काळात नुसत्या आवाजावरून जनरेटरचा बिघाड सांगणारे एक उस्ताद होते. ते पेन्शनवर गेले. त्यांचं ते कसब कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं. त्यांच्यामागून आलेल्यांना ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं.

तेव्हा माजी सैनिक मंडळींनो, एक वही घ्या. तुमच्या हाताला जे येतं ते लिहा, आणि वही कुठे ठेवली आहे हे घरात दोघांना तरी सांगून ठेवा.

जय हिंद.