नवा बैल आणि लांब तोंडाचा मासा

मुंबईत पोराच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी हाये, आत जिवंत प्रवाळ. त्यानं कॉपरबँड बटरफ्लाय मासा आणला. पांढऱ्या अंगावर केशरी पट्टे, तोंड चिमट्यासारखं लांब. पाच दिवस तयार खाद्याला तोंड लावेना. आधीचा असाच उपाशी मेलेला. समुद्रात हा फटीतले किडे टिपून खातो. सूनबाईनं कालवणाला तिसऱ्या आणलेल्या. म्हटलं, एक शिंपला उघडून ताजाच आत ठेव. तासाभरानं त्यानं तोंड घातलं! पोराचे डोळे भरले. उरलेलं संध्याकाळी काढलं, नाहीतर पाणी नासतं. बैल घेताना आपण वैरण टाकून बघतो. मासाही दुकानात खाताना बघूनच घ्यावा.