गिरणातीर ते कुलाबा

भडगांव हें गिरणेच्या कांठचें तालुक्याचें गांव. येथून मुंबईस जावयाचें म्हणजे मोटारीनें चाळीसगांव गांठावें व तेथें आगगाडी धरावी. चाळीसगांव तालुक्यांतच पाटण आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें तेथें मठ स्थापिल्याचा शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. शास्त्राची गोडी खानदेशास नवी नाहीं, हें ध्यानांत ठेवूनच पुढील वाट धरावी.

मुंबईच्या दक्षिण टोकास, कुलाब्यास, समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. ती डॉ. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापिली. तेथें ज्या विषयांचा अभ्यास चालतो त्यांपैकीं एक अतिसंवाहकता. तारेंतून वीज वाहतांना तिचा कांहीं अंश उष्णता होऊन वायां जातो. परंतु कांहीं धातु अतिशय थंड केले असतां हा रोध समूळ नाहींसा होतो. १९११ सालीं हॉलंडांत कामर्लिंग ओनेस यांस पाऱ्यामध्यें हा चमत्कार शून्याखालीं सुमारें २६९ अंशांवर दिसला. त्याचें कारण उलगडावयास १९५७ साल उजाडलें.

गिरणेच्या ओल्या वाळूंतून एक बैलगाडी गेली कीं मागची गाडी आपोआप तिच्या चाकोरींत शिरते. धातूंतील अणूंची जाळीही अशीच लवचिक असते. ऋण विद्युत्कण जवळून गेला कीं धनभारित अणु किंचित् त्याच्याकडे ओढले जातात. तो पुढें गेल्यावरही ती ओढ क्षणभर टिकते आणि दुसरा कण तिच्याकडे खेंचला जातो. एरवीं परस्परांस दूर लोटणारे कण अशा रीतीनें जोडीनें चालूं लागतात. जाळीच्या या कंपनाच्या अंशास फोनॉन म्हणतात. मूळ ग्रीक शब्द ध्वनिवाचक असल्यामुळें त्यास ‘ध्वनिकण’ म्हणण्यास हरकत नाहीं. मौज ही कीं, जें कंपन एरवीं विजेची वाट अडवितें, तेंच येथें कणांची सोयरीक जुळवितें.

नायोबियम नायट्राइड हा असाच ध्वनिकणांच्या योगें अतिसंवाहक होणारा पदार्थ. कुलाब्याच्या संशोधकांनीं २०१० च्या सुमारास त्याचे अवघ्या २ नॅनोमीटरपर्यंत पातळ पापुद्रे तपासले. असे पन्नास हजार एकावर एक रचावे, तेव्हां कोठें कागदाची जाडी भरावी! इतक्या पातळ थरांत वाहण्यास जणूं लांबीरुंदीच काय ती उरते. तेथें जोड्या मोडण्यापूर्वींच त्यांची एकतानता मोडूं शकते. प्रवाहांतील भोवरे सुटे होतात आणि रोध पुनः डोकें वर काढतो. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्यांस हें फोड करून सांगावयास नको. प्रत्येक दांपत्य सुखी असलें, तरी घर एकचित्त नसेल तर संसाराचा गाडा अडतोच.

२०१८ सालीं अमेरिकेंत एका अणूच्या जाडीच्या कार्बनाचे दोन थर सुमारें १.१ अंशाचा पीळ देऊन एकमेकांवर ठेविले, तों त्यांतही अतिसंवाहकता प्रगटली. तेथें घटकाचें काम ध्वनिकण करतात कीं आणखी कोणी, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

यानें भडगांवच्या मळ्यांतील पंपाची वीज आज स्वस्त होणार नाहीं. द्रव हेलियमाची थंडी फार महाग पडते. परंतु घरांतील हुशार मुलामुलींस डॉक्टर किंवा इंजिनियर यांपलीकडे तिसरी वाट नाहीं, असें वडीलधाऱ्यांनीं ठरवून टाकूं नये. पाटणच्या मठांत जे विद्यार्थी बसले, त्यांसही कोणी तरी घरांतून जाऊं दिलेंच असेल.