दोराचं दुसरं टोक

आमच्या घरात दोर विकत आणायची रीत नव्हती. वावरात धुऱ्याला लागून अंबाडीचं एखादं तास असायचंच. कोवळ्या पानांची भाजी व्हायची, आणि झाडं निबर झाली की ती कापून, पेंढ्या बांधून नाल्याच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायची. कुजल्यावर साल सोलायची, धुवायची, वाळवायची. त्या दिवसांत नाल्याकडून येणारा आंबूस वास मला अजून ओळखता येईल. निघालेला वाख गावातल्या मातंग वस्तीत जायचा. दोर वळण्याचं कसब पिढ्यानपिढ्या त्या हातांत होतं. गावाची गुरं, मोटा, लेकरांचे पाळणे, सगळं त्या कसबाच्या भरवशावर होतं. त्या मानाने त्यांच्या पदरात पडायचं ते फार थोडं.

नवे दोर घरी यायचे ते पोळ्याच्या तोंडावर. वेसण, मोरखी, कासरा, दावं. आबा एकेक दोर हातात घेऊन ताणून बघायचे, मग पीळ थोडा उलटा फिरवून आतली गुंफण तपासायचे. वरून गुळगुळीत दिसणारा दोर आतून सैल असला तर बैल बुजल्यावर ऐन वेळी तुटतो. मी हट्टाने कासरा हातात घेतला की ते मागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "ओढू नको. कासऱ्यानं बैलाले धरून ठेवत नसते, त्याच्याशी बोलत राहा लागते." बैलाच्या मनात काय चाललंय ते दोरातून हाताला कळतं, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हा कळलं नाही, पण हाताने मात्र लक्षात ठेवलं.

पुढे वावरात सोयाबीन आलं. ज्वारी कमी झाली, अंबाडी गेली, बैल गेले. कोठ्यातल्या खुंटीवर मोटेचा जाड नाडा कितीतरी वर्षं नुसता टांगलेला होता. विहिरीवर मोटर बसली, नंतर बोअर झाले आणि कित्येक विहिरींकडे माणसाचं जाणंच थांबलं. मोट चालायची तेव्हा विहिरीवर सकाळ-संध्याकाळ माणसाचा वावर असे. आता त्या विहिरींच्या तोंडावर रायमुनिया आणि बेशरम माजलीय, कठडा कधी नव्हताच किंवा ढासळलाय. दिवसा माणसालाही जवळ जाईपर्यंत विहीर दिसत नाही. मग रात्री कुत्र्यांपुढे जीव घेऊन पळणाऱ्या हरणाला ती कशी दिसावी?

माझं काम या विहिरींपासूनच सुरू झालं.

वाशीमला कॉलेजात असताना वन्यजीव बचाव करणाऱ्या मुलामुलींच्या गटात मी गेले, ते सापांच्या ओढीने. पण आमच्या जिल्ह्यात फोन येतात ते सापांइतकेच विहिरींचे. विहिरीत कोल्हा, विहिरीत उदमांजर, विहिरीत रोही, विहिरीत काळवीट. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. इथे मेळघाटासारखं दाट जंगल नाही. कारंजाजवळचं कारंजा-सोहोळ अभयारण्य खास काळविटांसाठी राखलेलं आहे, पण त्याचं क्षेत्र जेमतेम 18 चौरस किलोमीटर. काळवीट हा उघड्या गवताळ माळाचा प्राणी. लांबवर दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळी जागा पाहिजे, एवढंच त्याचं मागणं. संध्याकाळी कळप अभयारण्याची हद्द ओलांडून सोयाबीनमध्ये, हरभऱ्यात उतरतात. हद्दीचा खांब त्यांना वाचता येत नाही. त्यामुळे आमच्याकडचे वन्यजीव खऱ्या अर्थाने कास्तकाराच्या वावरात राहतात, आणि त्यांच्यासाठी काही करायचं तर त्या वावराच्या मालकाशी बोलल्यावाचून गत्यंतर नाही.

हे मला एका मादी काळविटाने शिकवलं. हिवाळ्यातली सकाळ होती. विहिरीत पाणी फार नव्हतं. आत एका दगडी कपारीवर ती पाय टेकून उभी होती आणि अंगाला थरथर सुटली होती. वर निम्मं गाव जमलं होतं. मोबाइल निघाले होते, पोरं आरडाओरडा करत होती. वनविभागाला कळवल्याशिवाय आणि त्यांचे कर्मचारी आल्याशिवाय प्राण्याला हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. वनरक्षक येईपर्यंत आमचं काम गर्दी मागे सारण्याचं. हरणाच्या जातीला माणसाच्या हाताची, आवाजाची दहशत इतकी बसते की विहिरीतून धडधाकट निघालेलं जनावर नंतर त्या धसक्याने मरतं. पायाला खरचटलेलं दिसतं, पण हृदयाचं आणि स्नायूंचं काय झालं ते दिसत नाही. म्हणून बचावाची अर्धी कसोटी दोरावर असते आणि अर्धी शांततेवर.

ज्यांची विहीर, ते काका बांधावर हाताची घडी घालून उभे होते. त्यांचा हरभरा कळपाने खुडून नेला होता. थंडीत जागल करून त्यांचे डोळे तांबारले होते. मला बघून ते म्हणाले, "हरनाले काढाले समदे धावून आले. माह्या हरभऱ्यासाठी कोन येते?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मी एवढंच विचारलं, "काका, विहिरीत उतरायला पायऱ्या कोणत्या बाजूने आहेत?"

विहीर त्यांच्या वडिलांनी खोदलेली. कुठला दगड निखळलेला आहे, कुठे पाय ठरतो, पाण्याखाली गाळ किती, हे त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग घरून बाज आणायला त्यांनी पोराला पिटाळलं. आमच्याकडे जाळी होती आणि नायलॉनचा दोर होता. काकांनी दोराचं टोक घेतलं आणि जवळच्या कडुलिंबाच्या बुंध्याला दोन वेढे दिले. बुंध्याच्या घासणीने वजन पेलतं, माणसाचा हात थोडा ढिला पडला तरी दोर एकदम सुटत नाही. हे मला पुढे प्रशिक्षणात शिकवलं गेलं. त्यांना ते मोटेच्या दिवसांपासून ठाऊक होतं.

आमचा एक दादा वनरक्षकासोबत खाली उतरला. हरिणीच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधली. डोळे झाकले की तिचं धडपडणं कमी होतं. जाळीत घेऊन तिला बाजेवर ठेवलं आणि आम्ही वरून ओढायला लागलो. तेव्हा आबांचं बोलणं हाताला आठवलं. तिने पाय झाडला की दोर हातात थरथरायचा, आम्ही थांबायचो. ती निवली की वीतभर ओढायचो. एका टोकाला तिचा जीव होता आणि दुसऱ्या टोकाला, माझ्या मागे, हरभरा गमावलेला माणूस दोर ढिला सोडत, पुन्हा धरत उभा होता. त्याने मनात आणलं असतं तर ते टोक हातात घेतलंच नसतं.

वर आल्यावर तिला गर्दीच्या आणि रस्त्याच्या उलट बाजूला, मोकळ्या वावरात नेलं. ओढणी काढली. क्षणभर ती तशीच राहिली, मग उठली आणि टणाटण उड्या घेत निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका दोर गुंडाळत म्हणाले, "वाचली, बरं झालं. मुका जीव हाये. पन संध्याकाळी माह्याच वावरात येईन." ते रागाने बोलले नव्हते. जे होणार तेच सांगत होते.

त्या दुपारी मी त्यांच्या ओसरीत बसून नुकसानभरपाईचा अर्ज भरला. सातबारा, पंचनाम्याची मागणी, किती आर, कुठलं पीक. रोही, रानडुक्कर, हरीण यांनी पीक खाल्लं तर शासनाची भरपाई आहे, पण मुदतीत तक्रार गेली पाहिजे आणि कागद पुरे पाहिजेत. कास्तकाराला जागलीतून उठून तालुक्याला खेटे घालायला वेळ कुठे असतो? तेव्हापासून माझ्या पिशवीत दोराबरोबर कोरे अर्ज असतात. लोकांना दोर दिसतो, त्याचे फोटो निघतात. अर्जाचा फोटो कोणी काढत नाही. पण वर्षभर रात्री जागणाऱ्या माणसाने तारेत करंट सोडू नये, यासाठी त्या कागदाचा उपयोग दोरापेक्षा जास्त आहे.

दोराचं आणखी एक रूप मला आमच्याच भागात शिकायला मिळालं. फासेपारधी समाजाची ओळखच फाशांवर बेतलेली. तितर, लावा, ससा, हरीण ज्या वाटेने जाईल त्या वाटेवर बरोबर बसणारा फास. त्यासाठी गवताची, वाऱ्याची, जनावराच्या सवयीची जी जाण लागते ती कुठल्या पदवीत मिळत नाही. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने कितीएक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 मध्ये तो कायदेशीररीत्या पुसला गेला, पण लोकांच्या नजरेतून अजून पुसला गेलेला नाही. 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली. ती बंद व्हायलाच हवी होती. मात्र पोट कशावर भरायचं आणि ही जाण कुठे वापरायची, हा प्रश्न कायद्याने सोडवला नाही. कारंजाच्या 'संवेदना' संस्थेने, कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, याच समाजाला बरोबर घेऊन माळरान आणि तणमोर वाचवण्याचं काम उभं केलं. ज्यांना पक्ष्याचा माग काढता येतो त्यांनीच पक्षी राखायचा, ही साधी गोष्ट त्यांनी करून दाखवली. मला या क्षेत्रात राहायचं बळ दिलं ते याच कामाने.

तणमोर पावसाळ्यात आपल्या माळांवर येतो. नर काळा-पांढरा, डोक्यामागे रिबिनीसारखी पिसं. मादीचं लक्ष वेधायला तो गवतातून सरळ वर उडी मारतो आणि पुन्हा गवतात गडप होतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या. गवत फार खुरटं असेल तर त्याला लपण नाही, फार उंच आणि झाडोऱ्याने भरलं तर त्याची उडी दिसत नाही. जगभरात हा पक्षी आता अगदी थोडा उरलाय. 2021 पासून त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत होते. आणि तो ज्या जमिनीवर जगतो तिला आपण सरकारी कागदात आणि बोलण्यातही पडीक म्हणत आलो.

यंदा मला पहिली पगाराची नोकरी लागली. माळरानाच्या एका अभ्यास प्रकल्पात क्षेत्र सहायक म्हणून. करार वर्षाचा आहे. हातात दोरच आहे, पण आता तो सुतळीचा. चार खुंट्या ठोकून एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट बांधायची आणि आत काय उगवलंय ते टिपायचं. मारवेल, पवन्या, कुसळी. किती गवत गुरांच्या आवडीचं, किती नुसतं कुसळाचं, उघडी जमीन किती, लेंड्या कोणाच्या. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, तो आमच्या जिल्ह्यातून गेला. त्याखालून वन्यजीवांसाठी वाटा ठेवलेल्या आहेत. तशा वाटांच्या मातीत कोणाचे माग उमटतात हे पाहणं आता आमच्यासारख्यांच्या कामाचा भाग झालं आहे. विहिरीवरच्या कामात थरार असतो, या कामात तो नाही. तासन्‌तास उकिडवं बसून गवत ओळखायचं, वहीत लिहायचं, पुढच्या चौकटीकडे जायचं. पण मला कळून चुकलंय की हरीण विहिरीत पडतं त्याच्या कितीतरी आधी ते माळावरून उठलेलं असतं. माळ नांगरला जातो, चराई संपते, कळप वावरात येतो, कुत्री मागे लागतात, आणि मग विहीर. दोर शेवटी लागतो. मला या साखळीच्या सुरुवातीला जाऊन काम करायचंय.

घरी आईची काळजी वेगळी आहे. "परमनंट कधी होशील?" हा तिचा प्रश्न खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. या क्षेत्रात प्रकल्प येतात आणि संपतात. बरोबरीची मुलं वनरक्षक भरतीची, तलाठी भरतीची तयारी करतायत. मीही अभ्यास करते, पहाटे धावते. वर्दीत राहून हे काम करता आलं तर आनंदच आहे. पण नोकरी कुठलीही असो, मला कोणत्या टोकाला उभं राहायचंय ते ठरलेलं आहे. जनावराच्या बाजूने बोलणारे आता पुष्कळ झालेत, आणि ते हवेतच. ज्याच्या वावरात ते जनावर चरतं त्याच्या ओसरीत बसणारे कमी आहेत. त्याचं नुकसान खरं आहे हे मान्य करून, त्याच्या हातात मदतीचं काहीतरी ठेवून मग जनावराचा विषय काढला, तर तो ऐकतो. हे मी पुन्हापुन्हा अनुभवलंय.

म्हणून मृग लागण्याआधी आम्ही गावागावांत एकच काम घेऊन जातोय. पडीक विहिरींची यादी करायची. जिथे कठडा बांधणं जमेल तिथे ग्रामपंचायतीशी बोलायचं. जिथे पैसा नाही तिथे बोरी-बाभळीच्या फांद्यांचं दाट कुंपण घालायचं आणि आत एक जाड, खाचा पाडलेलं लाकूड तिरपं सोडून वरून घट्ट बांधायचं. कोल्हा, उदमांजर, मुंगूस त्यावरून आपलं आपण वर येतं. लाकूड बांधायला दोर लागतो, तो मी नेते. गाठ मात्र विहिरीच्या मालकानेच मारावी असा माझा आग्रह असतो. कारण ती सुटली तर पुन्हा बांधायला तोच तिथे असणार आहे, आणि विहिरीत काही पडलं तर 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर पहिला फोन त्यानेच करायचा आहे.