भरलेली वही, अडलेलं वाचन

जबलपूरला नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिली गंमत वाटते ती 'काय'ची. इथल्या बुंदेली वळणाच्या बोलीतही 'काय' आहे, पण तो 'का' म्हणून येतो, नाहीतर नुसती हाक म्हणून. होकाराला 'हओ', मुलाला 'मोडा', मुलीला 'मोडी'. गढ्याच्या गल्ल्यांत ही बोली अजून खणखणीत ऐकू येते. गढा म्हणजे जबलपूरच्या आधीचं जबलपूर. गोंड राजांची ही राजधानी. वर ग्रॅनाइटच्या टेकडीवर मदनमहाल, खाली जुने तलाव, आणि आता मेडिकल कॉलेजच्या आसऱ्याने वाढलेली औषधांची दुकानं. १५६४मध्ये मोगल फौजेशी लढताना प्राण दिलेल्या राणी दुर्गावतीचं नाव इथल्या विद्यापीठाला १९८३मध्ये मिळालं. विद्यापीठ १९५६चं. त्याआधी इथली महाविद्यालयं सागर विद्यापीठाकडे होती आणि १९४६पूर्वी नागपूरकडे, म्हणजे हा मुलूख मराठी शिक्षणजगाला परका नाही.

२०२१-२२पासून मध्य प्रदेशाने नवं शैक्षणिक धोरण पदवीवर्गांना लागू केलं. त्यात फील्ड प्रोजेक्ट, इंटर्नशिप किंवा सामुदायिक सहभाग व सेवा असं काहीतरी करणं अभ्यासक्रमाचाच भाग झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाचा आराखडाही तेच सांगतो: २ श्रेयांक, थोडं वर्गात, निदान निम्मं वस्तीत. गढ्यात राहणाऱ्या, बी.ए.च्या पहिल्या वर्षातल्या मुलीला यात सगळ्यांत सोयीचं काय, तर घराजवळच्या पोरांची शिकवणी. बसभाडं नाही आणि मुलं तर दारातच खेळत असतात.

ती ओट्यावर पंधरा जणांना बसवते आणि बाराखडीपासून सुरुवात करते. त्यातल्या चौघांना बाराखडी येते, ते कंटाळतात. पाच जणांना अक्षरंच ओळखू येत नाहीत, ते मागे सरकतात. पुस्तकावर बोट फिरवत अख्खा धडा घडाघडा म्हणणारा चौथीतला 'मोडा' तिला हुशार वाटतो. मधलाच एक शब्द सुटा लिहून दाखवला की त्याचा आवाज बसतो. त्याने धडा ऐकून पाठ केलाय. घरी बुंदेली, पुस्तकात शाळेची हिंदी. त्यामुळे पाठ केलेल्या ओळीचा अर्थही अर्धाच लागतो. महाविद्यालयातल्या वहीत त्या दिवसापुढे 'दोन तास' अशी नोंद होते, खाली सही होते.

प्रस्तुत लेखिकेने बी.एड.च्या विद्यार्थ्यांच्या अशा वह्या कितीतरी तपासल्या आहेत. तारीख, वेळ, विषय, फोटो, सगळं असतं. कोणत्या मुलाला काय येत नव्हतं आणि आता काय येतं, एवढंच नसतं. त्या वह्यांना तिने गुणही दिले आहेत, हे कबूल करायला हवं.

खरं तर हे मोजायला पाच-सात मिनिटं पुरतात. २००५पासून चालणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात एक साधं पान वापरतात: अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथवर सहज वाचतं, ती त्याची पातळी. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीतली दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुलं २०२२मध्ये शंभरात १६.३ होती, २०२४मध्ये २३.४ झाली. सुधारणा आहेच, पण उरलेल्या सुमारे सत्त्याहत्तरांपुढे बाराखडीचा फळा धरायचा की गोष्टीचं पुस्तक, हे त्यांना वाचायला लावल्याखेरीज कळणार कसं?

मोजून, पातळीनुसार बसवून शिकवलं की काय होतं, याचा पुरावा मुंबईतच आहे. 'प्रथम' संस्थेने मुंबईत आणि वडोदऱ्यात महापालिका शाळांतल्या मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांसाठी 'बालसखी' नेमल्या. वस्तीतल्याच, बहुतेक दहावी-बारावी झालेल्या तरुणी. तुटपुंजं मानधन, रोज सुमारे दोन तास, पंधरा-वीस मुलांचा गट. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हे तपासून २००७मध्ये निष्कर्ष छापले. गुणांत खरी वाढ होती, आणि ती मुख्यतः गटात नेलेल्या कच्च्या मुलांतच. शिकवणाऱ्याची पदवी इथे गौण ठरली. पण त्याच अभ्यासात दिसलं की शिकवणी थांबल्यावर वर्षभरात कमाईचा मोठा भाग ओसरतो. आणि थांबणं हा तर महाविद्यालयीन शिकवणीचा स्वभावच आहे.

दुसरा पुरावा उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा. तिथे गावातल्या तरुण स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले. जी मुलं आली त्यांचं वाचन चांगलंच सुधारलं. मात्र आली किती? गावातल्या शंभर मुलांपैकी आठ. शिकवायला कुणी उभं राहिलं म्हणजे समोर मूल बसतंच असं नाही.

विद्यार्थ्यांना समाजात पाठवायचा विचार आपल्याकडे जुना आहे. १९५९मध्ये केंद्राने राष्ट्रीय सेवेसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेले, आयसीएसची सुरुवात याच मध्य प्रांतात केलेले, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. माध्यमिक शिक्षण संपवून विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्यांना नऊ महिने ते वर्षभर सक्तीची सेवा, अशी समितीची शिफारस होती. खर्च आणि व्यवस्था पाहून सरकार कचरलं. पुढे के. जी. सैयदैन यांनी ऐच्छिक सेवेचा मार्ग सुचवला आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत, ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. तिचं मोजमाप वर्षाला १२० तास. तासांचं हे माप तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडलं.

सेवेतून शिकण्याच्या या विचाराचं 'सर्व्हिस लर्निंग' हे नाव अमेरिकेतलं, १९६०च्या दशकातलं. रॉबर्ट सिगमन आणि विल्यम रॅम्झी यांच्यामुळे रुळलेलं. सिगमनने १९७९मध्ये मांडलेलं पहिलंच तत्त्व आपल्या आराखड्यांना झोंबेल असं आहे: काय सेवा हवी, हे ती घेणाऱ्याने ठरवायचं.

हे तत्त्व खऱ्या अर्थाने पाळलं गेलं ते जबलपूरहून नर्मदेच्या प्रवाहासोबत खाली गेल्यावर. १९७२मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी माध्यमिक शाळांत 'किशोर भारती' आणि रसूलियाच्या 'फ्रेंड्स रुरल सेंटर'ने विज्ञान शिकवण्याचा प्रयोग सुरू केला. त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ होते, आणि लवकरच दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक व विद्यार्थी आले. ते खेड्यातल्या शिक्षकांसोबत बसून प्रयोग करून पाहायचे आणि फसलेला प्रयोग पुस्तकातून काढून टाकायचे. 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तकं अशी बनली. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती. मुलं 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक माणसाला पत्रं लिहायची आणि त्यांना उत्तरं यायची. पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन १९७८मध्ये इथे आलेल्या अरविंद गुप्तांना काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी इथेच सुचली. पुढे पुण्यातल्या आयुकाच्या विज्ञानशोधिकेत त्यांनी हजारो मुलांपुढे तसली खेळणी केली. १९८२मध्ये 'एकलव्य' संस्थेने हे काम हाती घेतलं. २००२मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला, तेव्हा तो सुमारे हजार शाळांत होता.

या प्रयोगात विद्यापीठाची माणसं वर्षानुवर्षं परत परत येत होती. गढ्यातल्या ओट्यावर तेवढं जमणार नाही. पहिल्या वर्षाची मुलगी दुसऱ्या वर्षात जाणारच. पण वही मागे राहू शकते. बी.एड.च्या प्रशिक्षणार्थींना दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत काढावे लागतात. त्यांनी सुरुवातीला प्रत्येक मुलाची पातळी तपासून द्यावी, पदवीच्या विद्यार्थ्यांनी पाच-पाच जणांचा गट घ्यावा आणि जाताना नव्या तुकडीच्या हाती मुलागणिक एक पान ठेवावं. त्या चौथीतल्या मुलाच्या पानावर एवढंच लिहिलेलं असेल: धडा पाठ, सुटा शब्द नाही, 'र' नि 'स'मध्ये गोंधळ, 'मोडा' हा शब्द लिहून दिला तर हसतो आणि वाचतो.