खिडकी नसलेली खोली



लेकीच्या बाळंतपणाला सिंगापूरला गेले होते, तेव्हाचं नातीचं कौतुक सांगून झालं. पण आम्ही राहिलो कुठे, हे बऱ्याच जणी विचारतात. लेक-जावई भाड्याच्या एका खोलीत राहतात आणि घरमालकीण पाहुणे मुक्कामाला ठेवू देत नाही. नात सात आठवडे आधीच आली, काचेच्या पेटीत होती. म्हणून दवाखान्याजवळ स्वस्तातलं हॉटेल शोधलं. २६ दिवस काढायचे होते.

लिटल इंडियात, सेरंगून रोडच्या आतल्या गल्ल्यांत अशी हॉटेलं पुष्कळ. पहिल्याच दिवशी आम्ही तीन खोल्या पाहिल्या. एका ठिकाणी सगळ्यांना मिळून स्वयंपाकघर होतं. मला आनंद झाला, पण शेगडीवरच्या कढईत कोणाची तरी मासळी तळली जात होती. दार लावून बाहेर आले. दुसरीत पलंग तीन भिंतींना चिकटलेला, किटली चांगली, न्हाणीघर स्वच्छ, फक्त खिडकी नाही. तिथे स्वस्त खोल्यांना खिडकी नसते, हे नेहमीचंच. तिसरी खिडकीवाली, रात्रीला २२ डॉलर जास्त. यांनी वहीत २२ गुणिले २६ केलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी काय बोलणार? बिनखिडकीची घेतली.

पाण्याची सोय झाली. किटलीत उकळायचं, गाळणं बांधून बाटलीत भरायचं. दुपारी बाहेर इडली आणि खोबऱ्याची चटणी, कारण सांबारात कांदा. संध्याकाळी घरून नेलेली शेंगापोळी. सिंगापूर विषुववृत्ताला अगदी लागून, त्यामुळे बारा महिने सूर्य सातच्या सुमारास मावळतो. आपल्याला किती सोपं, असं मी फोनवर जाऊबाईंना सांगितलंही.

सहाव्या दिवशी नातीला श्वास लागला. सकाळपासून दवाखान्यातच होतो. ती सावरल्यावर खोलीवर आलो आणि तशीच आडवी झाले. जाग आली तर काळोख. त्या खोलीत सदाच काळोख, त्याचं काय? दिवा लावला, उशाशी यांचं घड्याळ होतं. सासूबाईंना औषधाची आठवण करायला ते त्यांनी भारताच्याच वेळेवर ठेवलेलं. पावणेसहा. पोटात सकाळपासून काही नव्हतं. दोन शेंगापोळ्या खाल्ल्या, पाणी प्यायले, आणि बाटली भरायला दार उघडलं. जिन्यातल्या खिडकीतून खाली रस्त्यावरचे दिवे दिसले. सव्वाआठ झाले होते.

एकोणीस वर्षांचा नियम. लग्नातल्या पंगती, प्रवास, आजारपण, कशातही मोडला नव्हता. पायरीवर बसून रडले. हे म्हणाले, "अगं, नकळत झालं." नकळत झालं हे खरंच, पण नकळत व्हावं अशी खोली आपणच पैसे वाचवायला घेतली होती ना! दुसऱ्या दिवशी एकाशन केलं आणि णमोकाराच्या पाच माळा जास्त ओढल्या. गावी आल्यावर माताजींना सांगून प्रायश्चित्त घेतलं, ते वेगळं.

सकाळी मी अंघोळीहून आले तर हे खाली काउंटरवर उभे. खिडकीवाली मोकळी आहे का, विचारत होते. वही त्यांनी उघडलीच नाही. घड्याळ मात्र तिथल्या तिथे अडीच तास पुढे केलं. सासूबाईंना आता मोबाईलच्या गजराने फोन करतात.

नवी खिडकी म्हणजे काय, हातभर काच. समोर मोठी इमारत, मजल्यामजल्यावर बांबूला कपडे वाळत घातलेले. साडेसहाच्या सुमारास वरच्या बांबूंवरचं ऊन उतरायला लागलं की मी डबा काढायची. सामायिकालाही तिथेच बसायची. ढग असले की बांबू आत ओढले जात, तेव्हा मी सहालाच जेवून घ्यायची, उगाच परीक्षा नको.

नात दोन किलो शंभर ग्रॅमची होऊन घरी आली. तिच्या वाढदिवसाला पुन्हा जायचं आहे. हॉटेलला सांगून ठेवलंय, तीच खोली हवी, बांबूंसमोरची.