वैशाखातली विहीर

इंदुरात भाड्यानं द्यायला फ्लॅट घ्यायचं ठरल्यापासून मी सुपर कॉरिडॉरचं नाव धरून बसलो होतो. टीसीएस तिथं, इन्फोसिस तिथं, 31 मे 2025ला मेट्रो सुरू झाली तीही तिथूनच. घरात कोणी शंका काढली की मी मेट्रोचे व्हिडिओ दाखवायचो.

आम्हा हिवरखेडवाल्यांना इंदूर परकं नाही. मीटरगेजची गाडी आमच्या स्टेशनावरून धूळघाटाचा वेढा घेत खांडव्याला जायची, तिथून पुढं महू. ती बंद पडली. आता जळगाव जामोद, बऱ्हाणपूर करत रस्त्यानं जायचं. तसा मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा जागा पाहिली ती भरदुपारी, दलालाच्या गाडीत बसून.

तिसऱ्यांदा बायको सोबत आली. संध्याकाळी साडेसातला तिनं मला सुपर कॉरिडॉरवरच्या त्या नव्या इमारतीसमोर उभं केलं. "अहो, दिवे किती लागले ते मोजा न." बहात्तर फ्लॅटांत अकरा. खाली निम्म्या मीटरांवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. दलाल म्हणाला, भाव चढेल. चढेलही. पण मला दर महिन्याचं भाडं हवं होतं, आणि ते देणारं माणूस अजून तिथं राहायला यायचं होतं.

माझीच मला लाज वाटली. शेत घेताना विहीर कोणी श्रावणात पाहत नाही. वैशाखात पाहतो, धुऱ्यावरच्या शेजाऱ्याला विचारतो, गाडीवाट कोणाच्या वावरातून जाते ते बघतो. परराज्यात गेलो अन् हे सगळं शहाणपण हिवरखेडच्या बसस्टँडवर ठेवून आलो.

मग दोन दिवस भंवरकुआँला काढले. विद्यापीठाचा तक्षशिला परिसर जवळ, क्लासेसची गर्दी. पोह्याच्या ठेल्यावर पोरांना विचारलं, भाडं किती देता, आधीची खोली का सोडली? बहुतेकांनी पाण्याचंच रडगाणं गायलं. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी त्या गल्लीत पोचतं, की नुसत्या बोअरवर भागवायचं? म्हणजे पुन्हा विहिरीचाच प्रश्न. राजेंद्रनगरात मराठी कानावर पडतं म्हणून मन तिकडंही ओढत होतं. पण राहायचं मला कुठं होतं!

शेवटी भंवरकुआँलाच तिसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट घेतला. खरगोनची दोन पोरं राहतात, भाडं वेळेवर येतं. लिफ्ट नाही. जिना चढताना गुडघा कुरकुरला की सुपर कॉरिडॉरवरची ती चकचकीत लिफ्ट अजून आठवते.